न लिहिलेला माळ

व्याघ्रगणनेच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्राच्या वाट्याला ४४४ वाघ आले. २०१८ च्या गणनेत हा आकडा ३१२ होता. त्याचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. याच महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर त्याची आता बातमी होते, कारण साऱ्या देशात मिळून हा पक्षी दीडशेच्या आत उरला आहे. दुर्मीळपणाच्या हिशेबात माळढोक वाघाच्या कितीतरी पुढे. तरीही चौथीतल्या कोणत्याही पोराला वाघ काढायला सांगा, तो पट्ट्यांसकट काढील. माळढोक काढ म्हटले तर पोर गुरुजींकडे पाहील आणि गुरुजी खिडकीबाहेर.

या तफावतीची कारणे अनेक आहेत. वाघाला १९७३ पासून स्वतंत्र प्रकल्प मिळाला, पैसा मिळाला, पहारा मिळाला, पर्यटनाचे उत्पन्न मिळाले. माळढोकाच्या नशिबी विजेच्या तारा आल्या, नांगर आला, भटकी कुत्री आली. हे सगळे खरे. पण आणखी एक कारण आहे आणि ते सरकारी अहवालांत सापडत नाही, म्हणून आज त्याविषयी लिहायचे. वाघाचे रान मराठीत लिहिले गेले. माळढोकाचा माळ लिहिला गेला नाही. जे लिहिले गेले ते आपल्याला दिसू लागले. जे राहून गेले ते पडीक ठरले, आणि पडीक जमिनीला गिऱ्हाईक मिळायला फार दिवस लागत नाहीत.

पुस्तकांनी रान वाचते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रान वाचते ते कायद्याने, पगारी वनरक्षकाने आणि गावाने मनावर घेतले तर. मात्र कायदा करणारे, पगार मंजूर करणारे आणि गावातले लोक हे सगळे काही ना काही वाचून, ऐकून वाढलेले असतात. एखाद्या जागेकडे पाहताना तिथे काय आहे हे त्यांना आधी कुणीतरी सांगितलेले असावे लागते. हे सांगण्याचे काम मराठीत एका पिढीने फार मोठ्या ताकदीने केले. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे. मुंबईत राहणाऱ्या या विदुषीने चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक महिना डोळ्यांनी, कानांनी आणि नाकाने टिपला. शहरी मराठी वाचकाला तोवर ऋतू तीनच ठाऊक होते: उकाडा, पाऊस आणि दिवाळीच्या आगेमागे पडणारी थंडी. ‘ऋतुचक्र’ वाचून उठलेल्या माणसाला बसथांब्यावरच्या झाडाची पानगळही दिसू लागली. झाड आधीपासून तिथेच होते.

व्यंकटेश माडगूळकरांचा प्रवास तर आणखी बोलका आहे. तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेला हा लेखक पुढे वही आणि पेन्सिल घेऊन रानात जाऊन बसू लागला. १९८२ सालच्या ‘सत्तांतर’मध्ये नायकही वानर आणि खलनायकही वानर. टोळीवर नवा हुप्प्या चालून येतो तेव्हा जुन्याच्या पिल्लांचे काय होते, हे त्यांनी डोळ्यांत पाणी न आणता सांगितले. त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो पुढच्याच वर्षी. त्याआधीचा मराठी वाचक रानात जायचा तो बहुतेक शिकारकथेतून, मचाणावर बसून. जनावर समोर यायचे ते मरण्यासाठी. जनावराला स्वतःचा संसार, स्वतःचे राजकारण आणि स्वतःची गरज असते, हे मध्यमवर्गीय घरांत पोहोचले ते या लेखनातून. पुण्या-मुंबईची माणसे बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन नागझिऱ्याला जाऊ लागली, यात या पुस्तकांचा वाटा किती हे मोजता येणार नाही. पण तो नाही असे म्हणायला कुणी धजावणार नाही.

आणि मारुती चितमपल्ली. वनखात्यात उभी हयात काढलेला हा अधिकारी कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा रानांत राहिला आणि त्याने रान शिकून घेतले ते गोंड, कोरकू, ढीवर माणसांकडून. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’, त्यासोबत पक्षिकोश, प्राणिकोश, वृक्षकोश. ललित लेखक कोश करत नाहीत आणि कोशकार ललित लिहीत नाहीत, अशी आपल्याकडची वाटणी. चितमपल्लींनी ती मानली नाही. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. श्रद्धांजलीच्या लेखांत ‘अरण्यऋषी’ हा शब्द इतक्या वेळा आला की, त्यांच्या जागी आता कोण, हा प्रश्न विचारायला कुणाकडे जागा उरली नाही. माडगूळकर २००१ मध्ये गेले, दुर्गाबाई २००२ मध्ये. आज निष्ठेने लिहिणारी माणसे नाहीत असे नाही. आहेत, त्यांतली काही उत्तम आहेत. पण एका हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या माणसांवर बारा-तेरा कोटींच्या राज्याने आपली नजर सोपवून द्यावी, हे धोक्याचे आहे.

धोका पुढेच आहे. या थोर परंपरेचे लक्ष बव्हंशी घनदाट रानावर राहिले. विदर्भाचे सागवानी जंगल, सह्याद्रीचे सदाहरित पट्टे, तळी आणि त्यांवरचे पाणपक्षी. माळ, कोकणातले कातळसडे, खाडीकाठची खाजणे, मिठागरे हे सगळे कडेला पडले. चितमपल्ली जन्माने सोलापूरचे, म्हणजे माळाच्या मुलखातले. लौकिक झाला तो विदर्भाच्या अरण्याचा. माडगूळकर माणदेशाचे, आणि १९५५ ची ‘बनगरवाडी’ ही माळावरचीच कादंबरी, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण तिथला माळ माणसांच्या गोष्टीची पाठभिंत आहे. मेंढरे, दुष्काळ, मास्तर, कारभारी यांच्या मागे तो पसरलेला आहे, अफाट आणि रिकामा. दोष लेखकाचा नाही, त्याला सांगायची होती ती माणसांची गोष्ट. पुढच्या कुणीतरी माळाची सांगायला हवी होती.

कारण माळ रिकामा कधीच नव्हता. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी, शेडा, असे गवताचे वाण धनगराला पायाखालच्या स्पर्शानेही कळतात. त्या गवतात धाविक, चंडोल, तितर, पखुर्डी अंडी घालतात, तीही उघड्या जमिनीवर, जवळजवळ खड्यांसारखी. थंडीत मध्य आशियातून भोवत्ये येतात. दिवसभर गवतावरून खालून-खालून उडतात आणि संध्याकाळी डझनांनी त्याच गवतात जमिनीवर मुक्काम करतात. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट या सगळ्यांचे घर हेच. यांतल्या काहींना तर झाडे वाढली की अडचण होते, कारण लपण्यापेक्षा लांबवर पाहणे हा त्यांचा बचाव असतो. हे एवढे साधे जीवशास्त्र आपल्या सार्वजनिक समजुतीत नाही. आपल्या समजुतीत निसर्ग म्हणजे झाडे, आणि झाडे नसतील तिथे निसर्गाची वानवा.

म्हणून आपण माळावर झाडे लावतो. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्र सरकारने ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला. शेवटच्या वर्षीचे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. एवढी झाडे लावायला जागा लागते आणि मोकळी जागा म्हणजे बहुतेक वेळा माळ. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडियाने मूळच्या गवताचे आणि झुडपांचे काय केले, हे तिथल्या वनस्पतीच्या अभ्यासकांना विचारावे. वृक्षारोपणाच्या प्रत्येक कार्यक्रमात तुकोबांचा वृक्षवल्लींचा अभंग फलकावर असतो. ज्या तुकोबांनी ध्यानासाठी भंडारा आणि भामचंद्र डोंगर निवडले, त्यांना उघड्या कातळाचे वावडे नसावे, असे मानायला हरकत नाही. पण फलक रंगवणाऱ्याला एकच अभंग पाठ असतो.

महसूल खात्याची नजर त्याहून जुनी आणि त्याहून पक्की. ज्या जमिनीतून पीक निघत नाही, म्हणजे सारा मिळत नाही, ती नापीक, ही इंग्रज आमदानीतली वर्गवारी आपण जपून ठेवली. सातबाऱ्यावर ती पोटखराब्यात जाते. केंद्र सरकार देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध करते, त्यात झुडपी आणि गवताळ जमिनींचे मोठे क्षेत्र पडीक म्हणून दाखवलेले असते. नकाशावर पडीक दिसलेली जमीन कुणी मागितली तर नाही म्हणायला तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे कारण नसते. मेंढपाळ तिथे शेकडो वर्षे मेंढरे चारतो, हे कारण दप्तरात बसत नाही.

नान्नजचे काय झाले ते या संदर्भात नीट पाहण्यासारखे आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र होते सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहून मोठे. त्यात गावे आली, शहरे आली, बागायत आली. प्रत्यक्ष वनखात्याच्या हातातले गवत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवानगी, उद्योग, सगळ्यावर बंधने. हजारो शेतकऱ्यांना आपल्या शिवारात असा काही पक्षी आहे आणि तो मोलाचा आहे, ही पहिली ओळख झाली ती तहसील कचेरीत अर्ज अडला तेव्हा. बाजरी-ज्वारीच्या रानात, करडईच्या पट्ट्यात टोळ-किडे खात हिंडणारा, ज्याची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते असा हा डौलदार पक्षी शेतकऱ्याचा शेजारी होता. अधिसूचनेने त्याला सावकार करून टाकले. पुढे लोकांच्या संतापापुढे हद्द आकसून १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. तोवर पक्षीच जवळपास संपला होता. सलीम अलींनी ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून आग्रह धरला होता, त्याची ही कथा.

कायद्याआधी ओळख पोहोचली असती तर माळढोक वाचलाच असता, असा दावा करता येणार नाही. परंतु ओळखीवाचून आलेला कायदा काय करतो, याचा एवढा स्वच्छ नमुना दुसरा शोधावा लागेल.

याची उलट बाजू अमेरिकेत दिसली. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली आले. डीडीटी आणि तत्सम कीटकनाशके पक्ष्यांच्या, माशांच्या आणि माणसांच्या शरीरात कशी साठत जातात, हे त्या पुस्तकाने मांडले. रसायन उद्योगाने लेखिकेवर तुटून पडण्यात कसर ठेवली नाही. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेने शेतीतला डीडीटी बंद केला. कार्सन तोवर हयात नव्हत्या. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी सांगितली जाते ती एका धाडसी पुस्तकाची म्हणून. तिचा अर्धा भाग सुटतो. त्या पुस्तकाआधी कार्सन यांनी समुद्रावर तीन पुस्तके लिहिली होती. त्यांतले १९५१ चे ‘द सी अराउंड अस’ अमेरिकेत घराघरांत वाचले गेले होते. भरती-ओहोटी, खडकांच्या कपारीतले जीव, खोल पाण्यातला अंधार यांत वाचकांना त्यांनी आधी अकरा-बारा वर्षे फिरवून आणले, मग सांगितले की हे मरते आहे. घंटा वाजली तेव्हा ऐकणाऱ्याला कशाबद्दल वाजते आहे ते ठाऊक होते. आपल्याकडे पर्यावरणाच्या नावाने घंटा रोज वाजतात. ‘माळ वाचवा’ असे पुण्यातल्या वाचकाला सांगितले की त्याच्या डोळ्यांपुढे काय येते? बहुधा सोलापूर महामार्गावरून जाताना काचेतून दिसलेली भगभगीत पिवळी जमीन. ती कशासाठी वाचवायची?

वर्तमानपत्रांच्या लेखनाचाही यात मोठा भाग आहे. जून उजाडला की सह्याद्रीने हिरवा शालू नेसलाच पाहिजे. धबधबा फेसाळलाच पाहिजे आणि निसर्गाची उधळण मुक्तच असली पाहिजे. या शब्दांत नजरेला धरण्यासारखे काही नसते, म्हणून वाचक घाटात जातो तो गाडी लावायला जागा शोधत. कासच्या पठाराचे तेच झाले. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. फुलांची छायाचित्रे आधीच घरोघर पोहोचली होती. गर्दी एवढी उसळली की रोजच्या माणसांची संख्या बांधून द्यावी लागली, प्रवेशशुल्क लावावे लागले. छायाचित्राने पाय तिथवर नेले. मातीचा थर इंचांत मोजावा इतका पातळ असलेल्या कातळावर ही रोपे कशी जगतात, पाऊल पडले की काय मोडते, हे सांगायला चित्राला तोंड नसते.

शब्दांमुळे नजर बदलते, आणि ती चांगल्यासाठी बदलता येते, याचा पुरावा मुंबईतच आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला २००२ ते २००४ या काळात बिबट्यांच्या हल्ल्यांनी कहर झाला. २००४ च्या एकट्या जून महिन्यात दहाच्या आसपास माणसे गेली. त्या वेळचे मथळे आठवून पाहावेत: नरभक्षक, दहशत, रक्ताला चटावलेला. दर मथळ्यानंतर लोकप्रतिनिधींचा दबाव, दर दबावानंतर पिंजरे, आणि पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडणे. जुन्नर परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच मुद्दा अभ्यासला. पकडून परक्या मुलखात सोडलेला बिबट्या प्रश्न सोडवत नाही, नव्या ठिकाणी घेऊन जातो. २००१ ते २००३ या काळात तिथे माणसांवरचे हल्ले वाढले ते अशा सोडण्यानंतर. म्हणजे मथळा पिंजरा मागवत होता आणि पिंजरा पुढचा मथळा पुरवत होता.

२०११ मध्ये उद्यान प्रशासनाने अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातले एक काम वरवर पाहता किरकोळ होते: पत्रकारांसोबत बसणे. बिबट्या दिसणे आणि बिबट्याने हल्ला करणे या दोन वेगळ्या बातम्या आहेत. माणसांच्या वस्तीत तो पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे, कचरा आणि कुत्री असतील तिथे येणार आहे. रात्री मुलांना एकटे सोडू नये, प्रातर्विधीला अंधारात एकटे जावे लागू नये म्हणून शौचालये हवीत. बातम्यांचा सूर पुढच्या काही वर्षांत पालटला, हे माध्यमांच्या अभ्यासातून नोंदले गेले आहे. हल्लेही कमी झाले. श्रेय अर्थातच एकट्या बातम्यांचे नाही, बिबटे हलवणे थांबवण्याचे आहे, वनकर्मचाऱ्यांच्या तयारीचे आहे. पण ते थांबवण्याइतकी शांतता प्रशासनाला मिळाली ती बातम्यांनी आरडाओरडा थांबवल्यामुळे.

आज जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या तालुक्यांच्या उसात परिस्थिती त्याहून बिकट आहे. तिथे माणसे मरत आहेत, त्यात लहान मुले आहेत, आणि ज्या घरातले लेकरू गेले त्या घराला सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार पुण्यात बसून कुणालाही नाही. परंतु तीस-चाळीस वर्षे उसात जन्मून उसातच वाढलेल्या या बिबट्याबद्दल मराठीत एक तरी मोठे, जाणते, शेतकऱ्याच्या बाजूने आणि जनावर समजून घेऊन लिहिलेले पुस्तक घराघरांत पोहोचले आहे का? ऊसतोड सुरू झाली की पाचटात बछडी सापडतात, त्यांना रात्री मादीजवळ परत ठेवण्याचे काम माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसे वर्षानुवर्षे करत आली. हे सगळे घडते आहे मराठी मुलखात, मराठी बोलणाऱ्यांच्या बांधावर. त्यावरचे महत्त्वाचे लेखन मात्र इंग्रजी शोधनिबंधांत. गावात पोहोचते ती मोबाइलवर फिरणारी चित्रफीत, बहुतेक वेळा भलत्याच राज्यातली.

माधव गाडगीळ यांच्या समितीच्या अहवालाचेही तेच झाले. पश्चिम घाटावरचा तो अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला सादर झाला, लोकांपुढे यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती अधिकाराच्या लढाईनंतर. अहवाल स्थानिक भाषांत करून ग्रामसभांपुढे ठेवा, असे गाडगीळ सांगत राहिले. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गावांत पोहोचल्या त्या अफवा: घराला कौल बदलता येणार नाही, गाय पाळता येणार नाही. जो मजकूर लोकांच्या भाषेत नसतो त्याची जागा अफवा घेते, आणि अफवेला भाषांतरकार लागत नाही.

आता घाई कशाची, ते सांगणे भाग आहे. राज्यात शेतीला दिवसा वीज देण्यासाठी हजारो मेगावॅटचे सौर प्रकल्प गावोगाव उभे राहत आहेत. शेतकऱ्याने रात्री बारा वाजता साप-विंचवाच्या रानात जाऊन मोटार सुरू करायची, हा छळ संपलाच पाहिजे. या योजनेच्या हेतूला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न जागेचा आहे. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते आणि ती शोधताना पहिली नजर जाते गायरानांवर, माळांवर, सरकारी पडीकावर. सौर आणि पवन प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतून सूट आहे. म्हणजे खाणीला किंवा रासायनिक कारखान्याला जी जनसुनावणी घ्यावी लागते, तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, मराठीत सारांश द्यावा लागतो, तेवढेही इथे बंधन नाही. त्या पॅनेलांमागून वाहिन्या येतात. माळढोक वजनाने १५ किलोपर्यंत जाणारा, उडताना समोरचे नीट न दिसणारा पक्षी आहे. तारांनी त्याचे काय केले हे राजस्थान आणि गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समितीकडे सोपवला. तिथे निदान वाद तरी झाला. आपल्याकडच्या माळांवर धाविक, खोकड, लांडगा यांच्या वतीने वाद घालायला कागदाचा चिटोराही नसेल. संरक्षित माळ म्हणावेत तर अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे आहे, बारामतीजवळचे मयूरेश्वर पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढ्यावर हिशेब मिटवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

असा कागद तयार करण्याची तरतूद मात्र कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. गावात कोणती गवते, कोणती झुडपे, कोणते पक्षी कुठल्या महिन्यात येतात, कुठल्या ओढ्यात कोणता मासा चढतो, औषधाला काय वापरतात, हे गावातल्या जाणत्या माणसांकडून ऐकून लिहायचे. साहित्याच्या कुठल्याही मंडळाला सुचली नसती इतकी मोठी निसर्गलेखनाची योजना संसदेने मंजूर करून ठेवली आहे. झाले काय? वर्षानुवर्षे काहीच नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची तंबी दिली, आणि अनेक ठिकाणी नोंदवह्या घाऊक भावाने भरल्या गेल्या. शेजारच्या तालुक्याची यादी, गावाचे नाव बदलून. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने अभ्यासगट करून आपले जंगल आधी समजून घेतले आणि मग २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, ही उलटी वाट चालून दाखवलेली असताना हे घडले.

त्या नोंदवह्या पुन्हा लिहाव्यात. सोलापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतल्या माळांपासून सुरुवात व्हावी, आणि गायरान सौर प्रकल्पाला देण्याआधी त्या गावची खरी नोंदवही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असावी, एवढी अट सरकार एका शासन निर्णयाने घालू शकते. सलीम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला पक्षी सप्ताह राज्यात साजरा होतो. त्यात शाळांकडून घोषवाक्ये आणि रांगोळ्या मागवण्याऐवजी प्रत्येक मुलाकडून आपल्या शिवारातल्या एका पक्ष्याविषयी, आजोबांना विचारून, दोन पाने मागवावीत. साहित्य संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या अनुदानातला काही भाग माळ, सडा आणि खाडी यांवर लिहिणाऱ्यांसाठी बाजूला काढावा; धनगरवाड्यावर, कोळीवाड्यात जाऊन महिनोन्‌महिने राहायला पैसे लागतात आणि दिवाळी अंकाच्या मानधनात ते भागत नाही.

मेंढरे घेऊन कोकणात उतरणाऱ्या आणि पावसाळ्यात माळावर परतणाऱ्या धनगरांच्या वाटा आताच रस्त्यांनी, कुंपणांनी तुटल्या आहेत. ज्यांना गवताची पंचवीस नावे सांगता येतात ती माणसे साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांची नातवंडे चाकणच्या कारखान्यांत कामाला लागली आहेत. नातवंडांनी मेंढरे राखावीत असा आग्रह कुणी धरू नये. आजोबांचे ऐकून लिहून घ्यायला मात्र फार तर दहा-बारा वर्षे हातात आहेत, आणि जमिनीची मोजणी करणारे त्याआधीच माळावर पोहोचलेले असतील.